सांगलीच्या उन्हात रॉकाबिली

सांगलीत जरा वेगळे कपडे घालून बाहेर पडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, नाटकात काम करताय काय?" आता गावच नाटकवाल्यांचं, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते इथंच, त्यामुळं लोकांना तरी काय बोलणार, पण हा प्रश्न मला बँकेत, पेट्रोल पंपावर आणि सख्ख्या चुलतभावाच्या साखरपुड्यात सगळीकडं विचारून झालाय. नाही हो, नाटक नाही. रोजचे कपडे आहेत. बेंबीपर्यंत येणारी प्लेटची पॅन्ट, उघड्या गळ्याचा सैल हाफ शर्ट, डोक्यावर मागं वळवलेला कोंबडा, पायात जाड सोलचे बूट. याला रॉकाबिली म्हणतात, पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांच्या एका प्रकाराचं नाव, तेच कपड्यांनाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हा वेश नाहीये, हे कपडे आहेत, आणि कपड्यासारखे घातले तरच ते अंगावर बसतात.

मुळात हे आलंच कामगार पोरांकडनं. १९५४ चा जुलै, अमेरिकेतलं मेम्फिस, तिथला गाणी रेकॉर्ड करायचा सन स्टुडिओ. एल्विस प्रेस्ली तेव्हा १९ वर्षांचा, क्राऊन इलेक्ट्रिक नावाच्या कंपनीचा ट्रक चालवायचा. बरोबर गिटारला स्कॉटी मूर आणि त्या माणसाएवढ्या उंच डबल बासवर बिल ब्लॅक. ड्रमर नव्हताच, म्हणून बिल ब्लॅक तार ओढून लाकडावर सटकन आपटायचा आणि तोच ठेका. गोऱ्या खेडवळ लोकांचं कंट्री संगीत आणि काळ्या लोकांचं ब्लूज संगीत एकात एक कालवून रॉकाबिली झालं ते असं, आणि कपड्यांचंही तेच झालं. बील स्ट्रीटवर लान्स्की ब्रदर्स नावाचं दुकान होतं, गिऱ्हाईक बरेचसे काळे कलाकार, तिथले भडक शर्ट आणि ढगळ पॅन्टी हा ट्रक ड्रायव्हर घ्यायला लागला, त्यावर ट्रकवाल्यांचे कल्ले आणि तेल लावून मागं ओढलेले केस. म्हणजे आठवडाभर राबायचं आणि शनिवारी संध्याकाळी झकपक होऊन निघायचं, हा सगळा त्यातला मामला. इन्स्टावर जे टॅटू, फासे, कवट्या, ज्वाळा असलेले शर्ट दिसतात ते बरंच नंतरचं आहे आणि मला विचाराल तर नकोच ते.

अजून एक घोळ नेटवर होतो, लंडनच्या टेडी बॉयला आणि याला एकच समजतात. टेडी बॉय म्हणजे गुडघ्याकडं येणारं लांब जॅकेट, मखमली कॉलर, आणि ते क्रेप सोलचे जाडजूड क्रीपर बूट. पुढं दोन्ही एकमेकांत मिसळले हे खरं, स्ट्रे कॅट्स नावाचा अमेरिकन रॉकाबिली बँड, ते तर १९८० मध्ये अमेरिका सोडून लंडनलाच गेले कारण चाहते तिकडं होते. पण ते लांब जॅकेट आपल्याकडं घालू नका. हरभट रोडवर घालून चाललात तर वरातीतला बॅन्डवाला चुकलेला दिसतो. लेदर जॅकेटचंही तेच, जानेवारीत पहाटे दंडोबाच्या डोंगरावर गाडीवर जाणार असाल तर ठीक, बाकी वर्षभर ते कपाटातच शोभतं.

आता खरा विषय. पॅन्ट.

रेडिमेडमध्ये ही पॅन्ट मिळत नाही, शोधत बसू नका. हल्लीच्या जीन्सची पुढची उंची, म्हणजे कमरपट्टीपासून जांघेतल्या शिवणीपर्यंत, आठ-नऊ इंच असते आणि आपल्याला लागते अकरा-बारा. या तीन इंचात सगळी जादू आहे. पाय लांब दिसतात, शर्ट खोचलेला सुटत नाही, आणि भडंग-भजी खाऊन सुटलेलं पोट पट्टीच्या वर लोंबायच्या ऐवजी आत शिस्तीत बसतं. तर टेलरकडं जायचं, आणि तेही जुन्या टेलरकडं. माझे मास्टर गावभागात बसतात, सत्तरीचे आहेत, मी फोनवर फोटो दाखवून "मास्टर, कंबर बेंबीवर पाहिजे" म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "ह्यात काय दाखवायचं हो? उमेदवारीत आमी ह्येच शिवत होतो की. तुमी लोकांनीच कंबर खाली खाली नेली." संपला विषय. नवीन पोरांकडं गेलात तर तो "सर, असं चांगलं नाही दिसणार" म्हणून हळूच स्लिम फिट करून देतो, अनुभव आहे.

सांगायचं काय ते लिहून घ्या. पुढं दोन-दोन प्लेट. सीट आणि मांडी सैल, गुडघ्यापासून खाली निमुळती होत आली पाहिजे, बॉटमचा घेर पंधरा-सोळा इंच, त्याच्या वर गेलात की सत्तरच्या दशकात पोचाल. खाली बाहेरून दुमडलेली दीड इंचाची पट्टी. बेल्टचे लूप बारीक, कारण बेल्ट बारीकच घालायचा. कापड टेरिकॉट अजिबात नको, चमकतं आणि घामानं चिकटतं. जरा वजनाचं कॉटन गॅबर्डीन घ्या, प्लेट सरळ खाली पडायला कापडाला वजन लागतं. आणि ट्रायलला जाताना जे बूट घालणार तेच घालून जा, चपलेवर माप दिलं की लांबी हमखास फसते.

शर्टाला मात्र बरोबर उलटं, तिथं हलकं कापड पाहिजे. पन्नासच्या दशकात असले शर्ट रेयॉनचे असायचे, आणि आपल्याकडं कापडपेठेत रेयॉन ढिगानं पडलंय, फक्त ते सगळं बायकांच्या कुर्त्यांच्या सेक्शनला. त्यामुळं मी ठाण बघायला लागलो की दुकानदार म्हणतो "वहिनींना बोलावून घ्या की, रंग त्यांनाच पसंत करू दे." वहिनी अजून व्हायची आहे, पण ते असो. गडद मरून, बाटली हिरवा, काळ्यावर क्रीम, असे रंग बघायचे. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासनं बनतं, पॉलिस्टरसारखं अंगाला कोंडत नाही, घाम शोषतं, एप्रिल-मेमध्ये चाळीसला टेकलेल्या सांगलीत यापेक्षा बरा शर्ट मला माहीत नाही. एकच काळजी, ते आटतं, म्हणून शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात टाकून वाळवून मगच मास्टरकडं द्यायचं. कॉलरला बँड, म्हणजे खालची उभी पट्टी, नको हे दोनदा सांगा, गळ्यावर सपाट पसरली पाहिजे. खांदा किंचित उतरता, बाही कोपराच्या जरा वर, खालचा घेर सरळ म्हणजे बाहेर सोडला तरी चालतो.

जीन्सवाल्यांसाठी थोडं. गडद निळी, सरळ पायाची, न धुतलेली डेनिम, आणि खाली दोन इंच दुमडलेली. हे दुमडणं स्टाईल म्हणून नंतर गाजलं, त्याच्या आधी साधं कारण होतं, बऱ्याच जीन्स पहिल्या धुण्यात आटायच्या म्हणून लोक लांब घ्यायचे. दुमडल्यावर आतला जो पांढरा काठ दिसतो, बऱ्याचदा लाल दोऱ्याचा, त्याला सेल्व्हेज म्हणतात आणि त्यासाठी जगभर लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. आता यातली गंमत सांगतो. हा काठ येतो धोट्याच्या मागावर, धोटा या टोकाकडनं त्या टोकाला जाऊन वळून परत येतो म्हणून कड आपोआप बांधली जाते. असले साधे माग आपल्या विट्याला आणि पलीकडं इचलकरंजीला किती आहेत बघा, इचलकरंजीत तर पहिला यंत्रमाग १९०४ ला बसला. आणि आपले लोक तेच माग भंगारात घालून शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे, बसवतायत, आणि जपानमध्ये मुद्दाम जुने माग जपून त्यावर डेनिम विणतात. धंद्याचं गणित वेगळं असतं मान्य आहे, एका मागवाल्या मित्राला मी हे ऐकवलं तर तो म्हणाला, "भावा, तू किती मीटर घेणारेस सांग, उद्या लावतो." मला लागणार अडीच मीटर.

केस. इथं सांगलीचं हवामान आपल्या थेट विरोधात आहे. खोबरेल तेल चोविस-पंचवीस डिग्रीला पातळ होतं, म्हणजे मार्चपासनं ते कपाळावरनं कानाकडं निघालेलं असतं, त्यानं कोंबडा उभा राहणं शक्यच नाही. ब्रिलक्रीमनं चकाकी येते, पकड नाही. पोमेड, म्हणजे केस बसवायचं घट्ट मलम, लागतं, आणि त्यातही दोन जाती. तेलाचं, म्हणजे पेट्रोलियम जेली आणि मेण असलेलं, त्यात मधमाशीचं मेण जास्त असेल तर उन्हात टिकतं पण धुवून निघता निघत नाही आणि उशीची वाट लागते, आईचे बोल वेगळे. दुसरं पाण्याचं, ते सहज धुतलं जातं पण घाम आला की मऊ पडतं. मी उन्हाळ्यात तेलाचं, बाकी वेळ पाण्याचं असं धरलंय. पण पोमेड हा शेवटचा हात, खरं काम ड्रायरचं. वर चार-पाच इंच केस ठेवायचे, बाजू कात्रीनं बारीक, मशीननं टक्कल नको. ओलसर असताना मुळापासनं वर आणि मागं ओढत वाळवायचे, मग बोटाच्या टोकाएवढं पोमेड तळव्यावर चोळून लावायचं. सलूनवाल्याला एल्विस म्हणू नका, देव आनंद म्हणा, वयस्कर असेल तर क्षणात कळतं. शम्मी कपूर म्हटलं तरी चालतं, त्याला भारताचा एल्विस म्हणायचेच. आणि हो, एल्विसचे ते काळेभोर केस रंगवलेले होते, आपल्याला तेवढं तरी देवानं फुकट दिलंय.

यावर हेल्मेट. मिरजेला रोज टू-व्हीलरवर जाणाऱ्या माणसाचा कोंबडा टिकत नाही, त्याला काही इलाज नाही, आणि केसांसाठी हेल्मेट न घालणारा माणूस येडा आहे. खिशात कंगवा ठेवायचा, पोचल्यावर आरशात दोन हात मारायचे. पोमेडचा हाच फायदा, जेलसारखं कडक होत नाही, परत विंचरता येतं.

बुटांवर शेवटी येतोय कारण पैसे तिथंच जातात. काळे-पांढरे दुरंगी बूट लग्नाला झकास, पण रोज घातले की परत तो नाटकाचा प्रश्न येतो, म्हणून रोजसाठी साधे काळे किंवा तपकिरी लोफर, सोल जरा जाड. झिजले की टाकायचे नाहीत, चांभाराकडनं क्रेपचा नवा सोल लावून घ्यायचा, नव्या बुटाच्या मानानं किरकोळ खर्च येतो. आणि सुएड, म्हणजे ते लव असलेलं मऊ चामडं? कार्ल पर्किन्सचं निळ्या सुएड बुटांवरचं गाणं १९५६ च्या सुरुवातीला आलं तेव्हापासनं प्रत्येक रॉकाबिलीवाल्याला ते पाहिजेच असतात, मलाही होते, घेतलेत. ऑक्टोबर ते मे घालतो. जूनमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं आणि आयर्विन पुलावर पातळी बघायला गर्दी जमली की ते पेपरात गुंडाळून माळ्यावर, आणि बेंबीवरच्या प्लेटच्या पॅन्टखाली चार महिने रबरी सँडल. त्या सँडलवर मात्र अजून कुणी नाटकाचं विचारलेलं नाही.