उच्चार, आडनाव आणि १८० दिवस

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाने कागदांचा जो गठ्ठा हातात ठेवला, त्यात भेदभावविरोधी धोरणाचा एक पिवळा कागद होता. बँकेचे, विम्याचे आणि क्षयरोगाच्या तपासणीचे कागद मी नीट फाइलला लावले आणि तो पिवळा कागद स्वयंपाकघराच्या खणात मसाल्याच्या डब्याखाली अंथरला. दोन वर्षांनी हळदीचे डाग पडलेला तोच कागद मला बाहेर काढावा लागला.

मी तेव्हा मिडवेस्टातील एका सरकारी विद्यापीठात पीएच.डी. करत होते आणि टीए, म्हणजे अध्यापन-साहाय्यक, म्हणून पदवीच्या मुलांचे संख्याशास्त्राचे तास घेत होते. सत्राच्या पाचव्या आठवड्यात अभ्यासक्रमाच्या प्रमुखांनी दोन ओळींचा ईमेल पाठवून माझा तास काढून घेतला आणि मला पेपर तपासायला बसवले. माझे उच्चार विद्यार्थ्यांना जड जातात, एवढेच कारण त्यात दिले होते. माझ्या वर्गात येऊन कोणी एकदाही बसले नव्हते. माझ्याच खोलीत बसणाऱ्या जर्मन सहकाऱ्याचे इंग्रजी आम्हा सगळ्यांना दोनदा विचारून घ्यावे लागे. त्याचा तास मात्र चालू राहिला, आणि विभागात त्याच्या उच्चारांचे कौतुकच होत असे.

घरी फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘तू तिथे शिकायला गेली आहेस, भांडायला नाही. पगार तोच मिळतोय ना?’’ पगार तोच मिळत होता. तरीही मी तो पिवळा कागद वाचला, आणि त्यावर ज्या कायद्याचा उल्लेख होता तोही वाचला.

२ जुलै १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या नागरी हक्क कायद्याचा सहावा भाग, ज्याला इथे सगळे ‘टायटल सिक्स’ म्हणतात, एका लांबलचक वाक्यावर उभा आहे. फेडरल, म्हणजे केंद्र, सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात वंश, वर्ण किंवा मूळ देश या कारणावरून कोणत्याही व्यक्तीला वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाही किंवा भेदभावाची वागणूक देता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. या वाक्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे, ‘नागरिक’ असा नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेली, सहा महिन्यांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर आईच्या गळ्यात पडून रडलेली मुलगीही त्या शब्दात बसते. आपल्याकडून येणाऱ्या बहुतेक मुलांना हे ठाऊक नसते. आपण पाहुणे आहोत आणि पाहुण्याने जेवणाला नावे ठेवू नयेत, अशीच त्यांची समजूत असते.

या कायद्याची पकड पैशातून येते. संशोधनाची अनुदाने आणि विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी कर्जे घेत नाही असे महाविद्यालय इथे शोधूनच काढावे लागेल. ज्या विभागात पैसा येतो तेवढ्यालाच कायदा लागू, असा संकुचित अर्थ १९८४ मधील एका निकालाने लावला होता. परंतु १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून, एका विभागाने पैसा घेतला की सगळी संस्था बांधील, असे स्पष्ट करून टाकले. भाषेचा आणि मूळ देशाचा संबंध त्याआधीच, १९७४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक शाळकरी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला होता. ज्या मुलांना इंग्रजी कळत नाही त्यांना इंग्रजी वर्गात नुसते बसवून ठेवणे म्हणजे शिक्षण नाकारणेच होय, असा तो निकाल होता.

माझे प्रकरण मात्र नोकरीच्या अंगानेही जात होते, कारण टीए हा विद्यार्थी असतो आणि कर्मचारीही. नोकरीतील भेदभावासाठी त्याच कायद्याचा सातवा भाग आहे. उच्चारांबाबत इथला दंडक असा की, ज्या कामासाठी माणूस नेमला ते काम उच्चारांमुळे खरोखर अडत असेल, तरच मालकाला ते कारण वापरता येते. होनोलुलूत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या एका फिलिपिनो गृहस्थाचा खटला यासाठी नेहमी सांगितला जातो. १९८९ मध्ये ते हरले. पण उच्चारांचे कारण पुढे केले गेले की न्यायालयाने ते बारकाईने तपासले पाहिजे, कारण उच्चार आणि मूळ देश यांची गाठ फार घट्ट असते, हे त्याच निकालाने लिहून ठेवले. त्या गृहस्थांना नोकरी मिळाली नाही, मला त्यांच्या हरण्याचा आधार मिळाला.

तक्रार घेऊन विद्यापीठाच्या समान संधी कार्यालयातील बाईंसमोर मी बसले तेव्हा अपमान कसा झाला, रात्रभर झोप कशी लागली नाही, हे सांगायची माझी तयारी होती. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि तीन प्रश्न विचारले: तारीख कोणती, हे तुम्हाला कोणत्या शब्दांत कळवले, आणि तुमच्याच जागी असलेल्या दुसऱ्या कोणाशी कसे वागले गेले. तिसऱ्या प्रश्नावर मला जर्मन सहकारी आठवला. दुःख किती झाले याला कायद्यात मोजमाप नाही, पण तुलनेला आहे. चौकशीअंती प्रमुखांनी स्वतः वर्गात बसून दोन तास पाहिले आणि पुढच्या सत्रात मला तास परत मिळाला. माफी कोणी मागितली नाही. तक्रारदारावर सूड उगवणे हेच कायद्याचे स्वतंत्र उल्लंघन मानले जात असल्याने असेल, पण त्यानंतरची तीन वर्षे विभागात माझ्याशी सगळे अतिशय सांभाळून बोलत, आणि ते सांभाळून बोलणेही काही सुखाचे नव्हते.

या ढालीला भोकेही आहेत. ती संस्थेविरुद्ध आहे. शेजारच्या मुलाने एकदा ‘तुमच्या जेवणाचा वास येतो’ म्हटले, तर तेवढ्यावर कायदा हलत नाही. छळ गंभीर किंवा सततचा असावा लागतो, आणि संस्थेला तो कळूनही तिने पुरेसे काही केले नाही असे दिसावे लागते. अर्थात वासाची गोष्ट तिथेच थांबेल असे नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर शाखेत २०२३ मध्ये मायक्रोवेव्हमध्ये पालक पनीर गरम करण्यावरून सुरू झालेला वाद पुढे दोन भारतीय संशोधकांनी न्यायालयात नेला आणि २०२५ मध्ये २,००,००० डॉलरची तडजोड झाली. विद्यापीठाने आरोप मात्र मान्य केले नाहीत. दुसरे भोक नागरिकत्वाचे. मूळ देश आणि नागरिकत्व या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ‘फक्त नागरिकांसाठी’ असलेल्या फेडरल शिष्यवृत्तीवर संतापून काही उपयोग होत नाही.

विद्यापीठाने दाद दिली नाही तर फेडरल शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जाता येते. वकील लागत नाही, फी नाही, आणि तक्रार दुसऱ्याच्या वतीनेही करता येते. मात्र घटनेपासून १८० दिवसांच्या आत. ‘सत्र संपू दे’, ‘प्रबंधाचा डिफेन्स होऊ दे’ असे म्हणता म्हणता ही मुदत केव्हा निघून जाते ते कळतही नाही. मार्च २०२५ मध्ये या कार्यालयाच्या १२ प्रादेशिक शाखांपैकी ७ बंद करण्यात आल्या, तेव्हा त्या दारी जाणाऱ्याने वाट पाहण्याची तयारी ठेवलेली बरी.

टायटल सिक्समध्ये धर्म हा शब्द नाही. तरीही शीख, मुस्लिम, ज्यू किंवा हिंदू विद्यार्थ्याला समान वंशपरंपरेच्या आधारे संरक्षण मिळू शकते, आणि या वाटेचा एक जुना टप्पा महाविद्यालयातलाच आहे. पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस कॉलेजने इराकमध्ये जन्मलेल्या एका प्राध्यापकाला कायम नेमणूक नाकारली. अरब हे ‘गोरेच’ मानले जातात, मग वंशभेद कसला, असा प्रश्न तिथे उभा राहिला. १८६६ च्या नागरी हक्क कायद्यात मूळ असलेल्या कलमाचा आधार घेत १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, पूर्वजांच्या किंवा समूहाच्या खुणेवरून केलेला भेदही त्यात येतो.

‘पूर्वज’ या शब्दापाशी मी आले की मला आमच्याच मंडळींचे तोंड दिसते. पहिल्या वर्षी फ्लॅटसाठी ‘शाकाहारी मुलगी हवी’ अशी जाहिरात मीच लिहिली होती, आणि फोनवर आलेल्या मुलींना पूर्ण नाव विचारण्यामागे शाकाहारापलीकडचे काय होते, ते मला तेव्हाही माहीत होते. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये ज्या देशात शिकायला आले, तिथल्या विद्यापीठांच्या नियमांत जात हा शब्द यायला शतक उलटून जावे लागले. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये तो घातला. जातिभेदाला बंदी घालणारे कॅलिफोर्नियाचे राज्य विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारले. जातीवरून भेदभावाला सध्याच्या कायद्याने बंदी आहेच, असे कारण त्यांनी दिले.

गेल्या वर्षी मराठवाड्यातून आलेल्या एका मुलीचा मला फोन आला. विद्यापीठाने नोंदणी दिलेल्या एका विद्यार्थी संघटनेच्या गणेशोत्सवात मोदक वळायला ती गेली, कोणीतरी आडनाव विचारले, आणि तिला हसतमुखाने सजावटीकडे पाठवण्यात आले. ‘‘ताई, हे एवढेसे आहे, की सांगण्यासारखे आहे?’’ असे ती विचारत होती. मी तिला तेच तीन प्रश्न विचारले. तारीख तिला पाठ होती, ‘तू सजावट बघ ना’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप तिने जपून ठेवला होता, आणि तिच्याबरोबर आलेली दुसरी नवी मुलगी शेवटपर्यंत स्वयंपाकघरातच होती. १८० पैकी ६२ दिवस झाले होते.

तिच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन फॉर्मवर जात असा रकाना नव्हता. तिने ‘वंशपरंपरा’ या शब्दापुढे खूण केली आणि खालच्या मोकळ्या चौकटीत आधी आडनाव म्हणजे काय हे समजावणारे चार परिच्छेद लिहिले.