बाटलीतला छर्रा

बेळगावात छर्रे मिळत नाहीत असं कोण म्हणालं तर त्याला गावातनं एक चक्कर मारून आणा. सायकलवाल्याकडं पाव इंची, बेअरिंगच्या दुकानात मिलीमीटरमधले, उद्यमबागेतल्या कारखान्यांत कोण ओळखीचा असला तर मूठभर फुकटसुद्धा. फौंड्री, हायड्रॉलिकचे कारखाने, मशीन शॉप, अर्धं गाव लोखंडावर चाललंय. आणि एवढं असून रंगाच्या बाटलीत घालायला धड छर्रा मिळेना म्हणजे बघा.

तर प्रकरण असं की दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचे मावळे मी रंगवतो. बाजारातले रंगवलेलेच असतात, पण डोळा एकीकडं मिशी एकीकडं, म्हणून भाचा म्हणाला मामा तू परत रंगव, आणि तिथनं जो नाद लागला तो लागलाच. आता ड्रॉपर बाटलीतले ॲक्रिलिक रंग आलेत घरात, व्हॅलेहो कंपनीची ती 17-18 मिलीची बाटली, डोळ्यांच्या औषधासारखी थेंब थेंब सोडायची. रंग भारी आहे पण चार-सहा महिने तसाच ठेवला की खाली गाळ आणि वर दुधाळ पाणी, रंगद्रव्य जड, ते खाली बसणारच. जिरेटोपाच्या सोनेरीचं तर विचारूच नका. हलवून हलवून मनगट जातं आणि पहिला थेंब पडतो तो पाण्याचाच. आत काहीतरी टणक फिरायला पाहिजे. आर्मी पेंटर कंपनीवाले त्यांच्या फॅनॅटिक नावाच्या रंगांत गोळ्या घालूनच देतात, बाकीच्या बाटल्यांत आपली आपण सोय बघायची.

बेअरिंगवाल्या अण्णांनी विचारलं, "कुठली गाडी?"

"गाडी नाही ओ, रंगाच्या बाटलीत घालायचाय."

"रंगात छर्रा घालून काय करालास?"

सांगितलं. त्यांनी डबा पुढं सरकवला, आरशासारखे चकचकीत, तेलात बुडवलेले. ते तेलच सगळं सांगून जातं. बेअरिंगचं स्टील कडक असतं, घासत नाही, पण त्यात क्रोमियम जेमतेम दीड टक्का, म्हणजे तेल पुसलं की गंज धरायला मोकळं. आणि ॲक्रिलिक रंग म्हणजे निम्मं पाणीच की. पांढऱ्या रंगात असला छर्रा टाकून विसरलात तर काही दिवसांनी तो रंग पांढरा राहील याची खात्री मी तरी देणार नाही. सायकलच्या छर्ऱ्याची तीच गत. पितळ-तांब्याचं नको, रंगात बऱ्याचदा थोडा अमोनिया असतो, त्यानं तांबं हिरवं पडतं. शिसं जड म्हणून मोह होतो, पण विषारी आहे, आणि घरात पोरं आहेत, विषय संपला.

मग राहिलं स्टेनलेस. त्यात 304 म्हणजे आपलं भांड्यांचंच स्टील, 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, आणि 316 मध्ये वर थोडं मॉलिब्डेनम नावाचा धातू, त्यामुळं ते मिठालासुद्धा सहजासहजी दाद देत नाही. मी 316 च घ्या म्हणेन, एका बाटलीमागं पैशाचा फरक पडून पडून किती पडणार. लोक चुंबक लावून बघतात, त्यावर फार जाऊ नका, 304 चा छर्रा ठोकून गोल करताना थोडा चुंबकाकडं ओढायला लागतो. गच्च चिकटला तर मात्र ठेवून द्या. त्यापेक्षा वाटीत मिठाचं पाणी घ्या, रात्रभर छर्रा बुडवा, सकाळी पाणी पिवळट दिसलं तर अण्णांना परत.

मापाचं गणित मजेशीर आहे. व्यास दुप्पट केला की वजन आठपट, म्हणून 3 मिलीमीटरचे चार छर्रे टाकण्यापेक्षा 6 मिलीमीटरचा एक बरा, जवळजवळ 0.9 ग्रॅम भरतो आणि तळाचा गाळ फोडतो. बारका छर्रा बाटली उलटी केली की नोझलच्या भोकावर जाऊन बसतो, मग दाबा किती दाबायचं ते. मोठा त्या नोझलमध्ये शिरतच नाही. तरी घेण्याआधी नोझल नखानं उचकटून बाटलीचं तोंड मोजा, सगळ्या कंपन्यांची सारखी नसतात.

काचेचं काय, तर काच गंजत नाही, रंगाशी तिचं काही भांडण नाही, पण त्याच मापात वजन स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. पातळ रंगाला चालेल, सोनेरीला नाही. ताईनं पोतीचे मणी काढून दिले होते, दिसायला छान, पण मण्याला आरपार भोक, त्यात रंग जाऊन वाळतो, आणि काही मण्यांचा वरचा मुलामाच सुटतो. नकोच.

आणखी एक, बाटली संपली म्हणून छर्रा टाकून देऊ नका. काढायचा, साबणाच्या पाण्यात धुवायचा, पुसून पुढच्या बाटलीत. फक्त धुताना आधी बेसिनच्या जाळीवर फडकं टाका.