पीळ

सोलापुरात राहणाऱ्याच्या घरात निदान एक चादर अशी असतेच, जिच्या काठाच्या दशा सुटलेल्या आहेत. त्यातला एक दोरा उपसावा. वीतभर लांबीचा पुरे. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढावा. बोटाला कापतो, पण सहजी तुटत नाही. आता ओढणं सोडून तोच दोरा नुसता उलटा फिरवत बसावं. दुपदरी सूत असेल तर आधी दोन पदर वेगळे होतील. त्यातला एक घेऊन त्याचा पीळ काढायचा. तो पहिल्याच्या विरुद्ध दिशेचा असतो, त्यामुळं हाताची दिशा बदलावी लागते. घाई करू नये, एका इंचात पंधरा-वीस वेढे सहज असतात. ते निघत आले की दोरा फुगतो, मऊ पडतो आणि जरा ताण दिला की दोन तुकडे होऊन हातात येतो. आवाजही होत नाही. तुटला असं म्हणवत नाही, सुटला म्हणावं लागतं.

कापसाचा तंतू असतो केवढा? इंच, सव्वा इंच. एवढाल्या तुकड्यांचा मैलभर धागा होतो तो डिंकाने किंवा गाठींनी नाही, फक्त पिळाने. पिळात तंतू एकमेकांभोवती तिरके गुंडाळलेले असतात. बाहेरून ओढलं की ते आत दबतात, एकमेकांना घट्ट धरतात. म्हणजे जितकं ओढाल तितकी पकड वाढते. कापसाला सूत करणारी सगळी विद्या एवढीच आहे, आणि बायबलमधल्या एका ओळीचा अर्थही मला या दोऱ्यात जितका दिसतो तितका प्रवचनात क्वचित दिसला.

ती ओळ नीतिसूत्रांच्या पाचव्या अध्यायातली, बाविसावी. दुर्जनाला त्याचीच दुष्कर्मं धरतात, तो स्वतःच्या पापाच्या दोऱ्यांनी बांधला जातो. प्रवचनात या ओळीला बहुधा लगेच खड्ड्याची उदाहरणं जोडतात. दुसऱ्यासाठी खणला आणि स्वतः पडला. बायबलमधल्या एस्तेरच्या गोष्टीत हामान या दरबाऱ्याने आपल्या वैऱ्यासाठी, मर्दखयासाठी, पन्नास हात उंच खांब उभारला आणि त्यावर तोच टांगला गेला. गोष्ट खरी, ऐकायला झणझणीत, आपल्या ‘करावे तसे भरावे’च्या शेजारी बसणारी. पण खड्ड्यात माणूस एकदाच पडतो. या ओळीत खड्डा नाही, दोरी आहे. दोरी वळायला वेळ लागतो, आणि वळणाऱ्याला त्या वेळात आपण कामात आहोत असंच वाटत असतं. दुष्कर्मासाठी इथं जो हिब्रू शब्द आहे, ‘अवोन’, त्याच्या मुळाशी वाकणं, वाकडं होणं हाच अर्थ आहे. यशया संदेष्ट्याने तर आपल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात एकाच वाक्यात माप वाढवत नेलं आहे. सुरुवातीला लोक अधर्म दोऱ्यांनी ओढतात, वाक्य संपता संपता तीच गाडीला जुंपायची दोरखंडं झालेली असतात.

चौथ्या शतकातल्या ऑगस्टिनला हे नेमकं ठाऊक होतं. उत्तर आफ्रिकेतला हा बिशप स्वतःच्या आयुष्याकडे बघून लिहितो, की वाकड्या इच्छेतून वासना झाली, वासनेची चाकरी करता करता सवय झाली, आणि सवयीला अडवलं नाही म्हणून ती गरज झाली. चार कड्या. साखळी दुसऱ्या कुणी आणून घातलेली नव्हती.

आता जरा मागाकडे. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं घरात तेलुगू आणि रस्त्यावर मराठी चालते, तिथं माग ही काही प्रतिमा वगैरे नाही, पोटाचा विषय आहे. साध्या यंत्रमागाची एक खोड असते. आडवा दोरा, म्हणजे बाणा, तुटला किंवा तो इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली, तर माग आपोआप थांबतो. त्यासाठी छोटा काटा बसवलेला असतो, बाणा लागला नाही की तो दांड्याला धक्का देतो. पण उभ्या ताण्यातला एखादा दोरा तुटला तर साधा माग चालतच राहतो. हजारो दोऱ्यांतला एक. कापडात बारीकशी उभी फट दिसते, तीही पाहणाऱ्याला दिसली तर. त्याच वेळी थांबवून गाठ मारली तर मिनिटाचं काम. पण मजुरी नगावर, हाताखाली दोन-चार माग, आणि मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे मारणारा धोटा. ‘एवढी चादर उतरू दे, मग बघू.’

मग काय होतं? तुटलेलं टोक मोकळं लोंबतं. शेजारच्या दोऱ्यांना खळीचा खरखरीतपणा असतो, तिथं ते चिकटतं. दोन दोरे एकत्र उचलले जातात, मग चार. ताण्याची वरची आणि खालची रांग जिथं स्वच्छ उघडायला हवी, तिथं जाळं धरतं. धोटा त्या जाळ्यात शिरतो, पलीकडच्या पेटीत वेळेवर पोचत नाही, आणि फणी पुढे येते तेव्हा तो मधेच असतो. खाड्कन आवाज होतो. कधी वीस दोरे जातात, कधी दोनशे. मिनिट वाचवलेलं असतं, आता अर्धा दिवस जातो. आणि तुटलेले दोरे बहुतेक त्या पहिल्या दोऱ्याचे शेजारी असतात, त्यांचा काही दोष नसतो.

दावीद राजाची गोष्ट मी अशीच वाचतो. त्याच्याच सैन्यातल्या उरीयाच्या बायकोला, बथशेबेला, त्याने आपल्याकडे आणलं आणि ती गरोदर राहिली. हा पहिला दोरा तुटला तेव्हा थांबायला जागा होती. तो थांबला नाही, झाकायला लागला. उरीयाला रणातून बोलावलं, घरी जा म्हणून सांगितलं, तो राजवाड्याच्या दारातच झोपला. दुसऱ्या दिवशी त्याला दारू पाजली, तरी गेला नाही. तिसरा उपाय म्हणजे सेनापती यवाबाला पत्र, की याला लढाईच्या तोंडावर ठेव आणि मागे सरा. ते पत्र पाठवलं उरीयाच्याच हाती. प्रत्येक पाऊल आधीचं पाऊल झाकण्यासाठी, आणि प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा वाईट. त्या लढाईत दावीदाचे आणखीही लोक पडले, ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. शेजारचे दोरे.

आजच्या काळात हे बघायचं तर राजवाड्यात जायला नको. कुठल्याही पेढीत दोन वह्या ठेवणारा माणूस बघावा. एक पक्की, दाखवायची, आणि एक कच्ची, खरी. बाहेरून वाटतं, याने दुप्पट कमावलं. प्रत्यक्षात त्याने स्वतःला दुप्पट कामाला लावलेलं असतं. कुणाला कुठला आकडा सांगितला हे लक्षात ठेवायचं, आणि खऱ्याला लक्षात ठेवावं लागत नाही म्हणून ते सगळं ओझं खोट्याचंच. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात थैलीत दोन वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान, असं बजावलं आहे. मला तर यात न्यायाइतकीच दया दिसते. दोन वजनांच्या माणसाला गिऱ्हाईक आलं की आधी गिऱ्हाइकाचं तोंड बघून थैलीत हात घालावा लागतो, आणि हे आयुष्यभर.

शिवाय त्याला रजा नाही. ही गंमत नाही. २०२१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान १० कामाच्या दिवसांची रजा सक्तीने द्यायची, आणि त्या दिवसांत त्यांचा कामाशी प्रत्यक्ष किंवा कॉम्प्युटरवरूनही संबंध येऊ द्यायचा नाही. का? गैरव्यवहार करणाऱ्याला रोज हजर राहून तो सांभाळावा लागतो. आजचा खड्डा उद्याच्या पैशांनी बुजवायचा असतो. दहा दिवस दुसरा कुणी खुर्चीत बसला की झाकण उघडतं. लग्नाला न जाणारा, ताप असताना येणारा, वर्षानुवर्षं एकही रजा न घेणारा माणूस नेहमीच निष्ठावान असतो असं नाही. शब्बाथ पाळा, सहा दिवस काम करून सातव्या दिवशी थांबा, या आज्ञेकडे आपण धार्मिक विधी म्हणून बघतो. पण थांबता येणं ही स्वच्छ हिशेबाची खूण आहे. यशया म्हणतो दुर्जन खवळलेल्या समुद्रासारखे आहेत, ज्याला शांत राहता येत नाही. राहायचं नाही असं तो म्हणत नाही. येत नाही, म्हणतो.

कापडाच्या गावात आखान या इस्राएली माणसाची आठवण काढायलाच हवी. यरीहोच्या लुटीतून काही घेऊ नका असं सांगितलेलं असताना त्याने शिनार देशाचा एक सुंदर झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेलांची सोन्याची वीट उचलली. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा धरला तर सव्वादोन किलोच्या वर चांदी आणि पावणेसहाशे ग्रॅम सोनं. सगळं तंबूत जमिनीखाली पुरलं. चांदी एक वेळ हळूहळू खपवता येते. पण झगा? तो अंगात घालून छावणीत फिरला असता तर पहिल्याच वळणावर कुणीतरी विचारलं असतं. म्हणजे ज्या वस्तूवर त्याचं मन बसलं, तिचा एकमेव उपयोग त्याला बंद होता. जमिनीत कसरीसाठी ठेवलेला झगा. पुढे चौकशी झाली ती जाळं आवळावं तशी, आधी वंश, मग कूळ, मग घराणं, मग एकेक पुरुष. निवाडा उद्या सकाळी होणार हे आधल्या दिवशी जाहीर झालं होतं. अख्खी रात्र हातात होती. नाव येईपर्यंत तो बोलला नाही.

इथं एक धोका आहे, आणि तो चर्चमधल्या माणसांनीच जास्त ओढवून घेतला आहे. पाप माणसाला बांधतं हे खरं. म्हणून बांधलेला प्रत्येक माणूस पापीच, हे खरं नाही. निर्दोष असून सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तिन्ही मित्र नेमकं हेच करत होते. त्यांच्यातला बिल्दद त्याला ऐकवतो, की दुष्टाचे पायच त्याला जाळ्यात नेतात. वाक्य तर अगदी नीतिसूत्रांतलं वाटावं असं. आणि शेवटी देव म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. सोलापूरला हे कळायला ईयोबापर्यंत जायचीही गरज नाही. सेटलमेंट हे नाव इथं अजून आहे. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, आणि त्यातल्या कितीतरी कुटुंबांना इथं काटेरी तारेच्या आत ठेवलं. हजेरी, पास, बाहेर पडायच्या वेळा. १९५२च्या ऑगस्टअखेर तो कायदा देशभरातून गेला. देशात अशा काही वसाहती ख्रिस्ती मिशनांकडे चालवायला दिलेल्या होत्या, हेही लपवण्यात अर्थ नाही. ती तार आतल्या माणसांनी वळलेली नव्हती. तेव्हा ही ओळ आरशासमोर उभं राहून वाचावी. दुसऱ्याकडे बोट करून वाचली की ती बिल्ददाची होते.

मराठीत म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. सुंभ पेटवून बघितलेल्याला माहीत असतं, राखेतसुद्धा वेढे जसेच्या तसे दिसतात, फुंकर घातली की मोडतात. शिक्षेचं असंच आहे. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातला मिसरचा राजा फारो गारांचा मारा झाल्यावर चक्क म्हणतो, मी पाप केलं आहे, परमेश्वर न्यायी आहे. गारा थांबल्या की पुन्हा तोच. जळला होता, उलटा फिरला नव्हता.

उलटं फिरणं कसं असतं ते लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार. गाव तेच, आखानाने जिथली लूट लपवली ते. येशू त्याच्या घरी उतरतो, आणि हा उभा राहून आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. हे चौपट कुठून आलं? चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं, असा निर्गमातला नियम आहे. दावीदानेही हाच आकडा उच्चारला होता. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाचं कोकरू हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा भडकून तो म्हणाला, त्या माणसाने चौपट भरून द्यावं. तो माणूस तूच, हे नाथानाने नंतर सांगितलं. दावीदाने दुसऱ्याला लावलेला दर जक्कयाने स्वतःला लावून घेतला. जकातदाराचं काम वहीचं. म्हणजे त्याला प्रत्येक नाव शोधायचं, प्रत्येक दार वाजवायचं, एकेक वेढा मागे न्यायचा. येशूने त्याला आधी हिशेब मागितला नव्हता. आधी तो घरी आला. या क्रमाकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं.

मागावरचे दोनशे दोरे तुटल्यावर काय करतात? पहिल्यांदा माग बंद. चालू मागावर गाठ बसत नाही. मग अडकलेला धोटा हळूच काढायचा, ओढायचा नाही. लोंबणारी टोकं कापून मोकळी करायची. प्रत्येक तुटलेल्या दोऱ्याला मागच्या बाजूने नव्या सुताचा तुकडा जोडायचा. गाठ बारीक हवी आणि शेपटं कापलेली हवीत, नाहीतर फणीत अडकून दोरा पुन्हा तुटतो. मग तो दोरा ताणा वर-खाली करणाऱ्या तारेच्या, त्याच्या स्वतःच्या डोळ्यातून आणि फणीतल्या त्याच्याच फटीतून पुढे आणायचा. शेजारच्या फटीतून गेला तर कापडाला रेघ पडते, ती ताणा संपेपर्यंत जात नाही.

हे काम एकट्याने करणं फार जिकिरीचं. एक जण मागे बसून दोरा वेचून पुढे करतो, दुसरा पुढून आकडा घालून तो ओढून घेतो. दोघांच्या मधे फणी असते, शेकडो पातळ पात्यांची, तिच्यातून समोरच्याचा चेहरा धड दिसत नाही. कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनाच्या खोलीत मधे जाळी असते, साधारण तशीच. बोलणंही फारसं होत नाही.

‘घे.’

‘आला.’

‘पुढचा.’