डिझेल कोणी प्यायलं?

चाळीसगावला धुळे रोडवर माझं गॅरेज आहे. गेल्या उन्हाळ्यात भडगावकडचे एक पिकअपवाले आले, ते भांडतच. मालक पुढे, ड्रायव्हर मागे, दोघं एकमेकांकडे बघायला तयार नाहीत.

"भाऊ, मना पैसा पाणीमा गयात," मालक म्हणाले. अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून त्यांनी दुसरीकडे डिफरन्शियलचं क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी, बदलून घेतलं होतं. आधी गाडी १२ चं अ‍ॅव्हरेज द्यायची, बदलल्यावर ११.२ वर आली. म्हणजे ड्रायव्हर पोरगा डिझेल चोरून काढतो, असा सरळ हिशेब करून त्यांनी त्याच्या पगारातून पैसेही कापले होते. पोरगा काही बोलत नव्हता, नुसता चाकाच्या नटांकडे बघत उभा.

जुनी जोडी गोणपाटात गुंडाळून गाडीतच होती. दात मोजले: पिनियन ८, क्राउन ४१. म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे ५.१२ फेरे. आत काय बसवलंय ते बघायला हाउसिंग उघडायची गरज नसते. पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एक चाक जॅकवर घेतलं, गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला. चाकावर एक आणि प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून येऊन पिनियन फिरवणाऱ्या लांब दांड्यावर, एक खडूची रेघ मारली. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे वरच्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक. पोराला शाफ्टकडे बघायला लावून मी चाक दोनदा फिरवलं. शाफ्ट साडेचार फेऱ्यांच्या जरासा पुढे जाऊन थांबला. ९ आणि ४१ ची जोडी, ४.५६.

निवड चुकीची नव्हती. ६० च्या वेगाला, टॉप गिअरमध्ये, इंजिन आधी मिनिटाला १८५० फेऱ्यांच्या आसपास फिरत असणार, आता साडेसोळाशेला. सपाटीला डिझेल इंजिन तेवढ्यावर आरामात ओढतं. मग अ‍ॅव्हरेज घटलं कसं?

या जुन्या गाडीत मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते. चाक किती फिरलं हे मीटरला कळतच नाही, शाफ्ट किती फिरला तेवढंच कळतं. नव्या जोडीने शाफ्ट कमी फिरतो, म्हणून मीटरही कमी पळतं. जोडी बसवणाऱ्याने केबलचं छोटं प्लॅस्टिकचं पिनियन तसंच ठेवलं होतं. ते बदलायचं काम बरेच जण सोडतात, आणि हे मला पटत नाही. ८० ने जाताना काटा ७१ दाखवणार आणि दंडाची पावती मालकाच्या नावावर येणार.

तोंडी सांगून मालक ऐकणारे नव्हते. मोबाइलवर दाखवलं असतं तर मोबाइलवरच शंका घेतली असती. म्हणून त्यांनाच शेजारी बसवून मेहुणबाऱ्याकडे निघालो. मैलाचे दगड त्यांनी मोजायचे, मीटर पोराने वाचायचं. २० किलोमीटर झाले तेव्हा मीटरवर १७.८ होते. मालकांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून दगडावरचा आकडा पुन्हा वाचला आणि मग बराच वेळ गप्प बसले.

मीटरचे ८ म्हणजे रस्त्याचे ९. म्हणजे ११.२ चं खरं अ‍ॅव्हरेज १२.६. डिझेल कोणी काढलं नव्हतं. उलट थोडं वाचलंच होतं.

परत येताना मालकांना हुरूप आला. १० आणि ४१ ची जोडी टाकली तर? ४.१ होईल, अजून वाचेल! मी नाही म्हटलं. केळीचे क्रेट भरून ते अधूनमधून कन्नड घाट चढतात. मूळ जोडीच्या तुलनेत ४.१ वर चाकाला पोचणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये पाचव्या हिश्शाने कमी होतो. सपाटीला कमावलेलं डिझेल घाटात जाईल, आणि वळणावर लोडात गाडी उचलताना क्लच प्लेट जळेल ती वेगळी. नुसतं धुळ्याचं भाडं असतं तर विचार केला असता. तिसऱ्यात जो चढ निघायचा तिथे आत्ताच दुसरा टाकावा लागतो, हे पोराने सांगितलं. त्या दिवशी तो पहिल्यांदाच आपणहून बोलला.

मीटरचं पिनियन स्टॉकमध्ये नव्हतं, मागवून ठेवतो म्हणालो. पैसे देताना मालकांनी पाकिटातून आणखी नोटा काढल्या, मोजल्या आणि न बघताच मागे हात केला. पोराने त्या पुन्हा मोजल्या आणि म्हणाला, "अजून दोनशे निघतात, शेठ."