दुपारी दोनची परीक्षा

डिसेंबरात नर्सरीत जाऊ नये. निदान नाशिककरानं तरी. बोचरी थंडी, कोवळं ऊन, आणि समोर पिटुनिया, पॅन्सी, डॅलिया रांगेनं हसत उभे. माणूस स्वेटरसकट विरघळतो. मीही विरघळले. एका रविवारी रिक्षा भरून ही हसरी मंडळी घरी आणली. मार्च सरता सरता सगळ्यांनी माना टाकल्या. उरल्या कुंड्या.

दोष त्यांचा नाही. ती थंडीचीच फुलं, आणि आमचं अंगण पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारी एकनंतर फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. मुघलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणायचे म्हणे. त्या गुलशनात पश्चिमेचं अंगण कुणाच्या वाट्याला आलं होतं, कोण जाणे.

पण मला खरं हरवलं ते अनंतानं. माझं माहेर रत्नागिरीचं. तिथे परसात अनंत होता, त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही, तरी घर घमघमायचं. तो हट्टानं इथे लावला. दोन महिन्यांत पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कुणी हिरव्या पेनानं नकाशा काढलाय. मी खत घातलं, मग आणखी घातलं. शेवटी नर्सरीवाले काका म्हणाले, "ताई, उपाशी नाहीये तो. त्याला आंबट माती लागते. आपली काळी माती चुनखडीची, त्यात तुमचं बोअरचं जड पाणी. मातीत लोह आहे, पण त्याला उचलता येत नाही." म्हणजे ताट वाढलेलं, आणि हात बांधलेले. दिवाळीला तो बहिणीकडे पोचवला. आता ती रोज सकाळी सातला त्याच्या फुलांचा फोटो पाठवते. बहिणीच त्या.

तेव्हापासून मी रोपं नर्सरीत निवडत नाही. मे महिन्यात, भर दुपारी दोनला, डोक्याला ओढणी गुंडाळून कॉलनीत एक चक्कर मारते. त्या उन्हात जे ताठ उभं असेल ते आपलं. कण्हेर उभी असते. चाफा पानांची पर्वा न करता फुललेला असतो. सदाफुली तर गटाराच्या कडेला, सिमेंटच्या फटीत, कुणी न लावताच. ऑफिस टाइमची फुलं मात्र नावाप्रमाणे सकाळी हजेरी लावून दुपारनंतर मिटतात; त्यांना मी पन्नास टक्के देते.

आणि बोगनवेल. मूळची दक्षिण अमेरिकेतली, फ्रेंच दर्यावर्दीचं नाव मिरवणारी, पण आमच्या उन्हात माहेरी आल्यासारखी. तिला लाडानं रोज पाणी घातलं, तर नुसती पानं फुटत राहतात. पाणी तोडा, जरा सुकू द्या, की कुंपणभर राणी रंग. तोही फुलांचा नव्हेच. ती रंगीत पानं. खरं फूल म्हणजे आतली इवलीशी पांढरट नळी.

हे मी मोठ्या कौतुकानं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वास नाही, देवाला चालत नाही, वर काटे. कुंपणाला ठीक आहे हो."

त्यांचं सगळं प्रेम मोगऱ्यावर. जानेवारीच्या शेवटी त्याचं पाणी तोडतात, फांद्या छाटतात, उरलेली पानं एकेक करून ओरबाडतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, कुठला राग काढतायत! आठ-दहा दिवस ते बोडकं झुडूप बघवत नाही. मग शेणखत, भरपूर पाणी, आणि नव्या फुटीच्या टोकाला हिरव्या मुगाएवढ्या कळ्या. मोगरा जुन्या फांदीवर फुलत नाही, नव्या फुटीवर फुलतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

काल संध्याकाळी पाच वाजता त्या वाटी घेऊन अंगणात गेल्या. उद्या उमलणाऱ्या कळ्यांना हात लावायचा नाही, आजच्याच खुडायच्या, हा त्यांचा नियम. फरशी अजून तापलेलीच होती. "बेचाळीस," आत येत म्हणाल्या. मला वाटलं, पारा सांगतायत.