आजोबा, मला ड्रॉ नको

डिसेंबरातली गोष्ट. तालुक्याचं गाव, मंगल कार्यालयाचा वरचा हॉल आमच्याकडे आणि खालचा लग्नवाल्यांकडे, म्हणजे वर 'शांतता राखा'च्या पाट्या आणि खालून बँजो पार्टी. बुद्धिबळाची ओपन रेटिंग टूर्नामेंट, प्रत्येकाला नव्वद मिनिटं प्लस चालीला तीस सेकंद, तीन दिवस. मी आर्बिटर, म्हणजे पंच. एरवी नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी हे उद्योग. मानधनाचं विचारू नका, एसटी आणि चहापाणी वजा जाता जे उरतं ते बायकोला सांगण्यासारखं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी, मागच्या रांगेतला बोर्ड. पांढऱ्याने एक नऊ वर्षांचा पोरगा, समोर बासष्ट-त्रेसष्टचे एक काका. पोराची उंची पुरेना म्हणून आम्ही त्याला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून दिलेल्या, तरी तो गुडघ्यांवरच बसला होता. काकांना मी बरीच वर्षं ओळखतो, कुठल्याही टूर्नामेंटला जा, काका असतातच, स्वतःचं पेन, स्वतःची उशी, आणि काळ्याने समोरच्याने राजाचं प्यादं ढकललं की फ्रेंच डिफेन्स, म्हणजे डाव सुरू करायची एक ठरलेली पद्धत. चाळीस वर्षं फ्रेंच. लग्नसुद्धा फ्रेंचने केलं असेल असं आम्ही मागे म्हणतो.

आता ज्यांना बुद्धिबळाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण अपमान नक्की किती मोठा होता ते कळलं पाहिजे. पटावरच्या घरांना अक्षर-आकडा अशी नावं असतात. फ्रेंचमध्ये पांढऱ्याने प्यादं ई-५ ला नेलं की पुढे एक जुना सापळा आहे. काळ्याला डी-४ चं प्यादं फुकट दिसतं, तो घोड्याने खातो, घोड्याला घोडा मारतो, मग वजीर डी-४ ला येऊन बसतो, आणि तेवढ्यात पांढऱ्याचा उंट बी-५ ला जाऊन शह देतो. उंट सरकला की मागून पांढऱ्याच्या वजिराची डी पट्टी मोकळी, काळ्याचा वजीर गेला. उपाय पण साधा आहे, आधी आपला उंट डी-७ ला आणायचा आणि मग खायचं. फ्रेंच शिकवताना पहिल्याच आठवड्यात सांगतात हे. काकांनी स्वतः किती पोरांना सांगितलं असेल देव जाणे. पण समोर नऊ वर्षांचं पोरगं, त्याला काय माहीत असणार, असं वाटलं असावं, आणि नवव्या चालीला उंट बी-५, शह. पोरगं इतक्या हळू आवाजात 'शह' म्हणालं की जणू चूक त्याचीच झालीय.

वजिराच्या बदल्यात काकांच्या हातात एक उंट आणि एक जास्तीचं प्यादं. मी तेव्हा दोन बोर्ड पलीकडे होतो. काका दहा-बारा सेकंद पटाकडे बघत बसले, मग उशी उचलली, आणि उठून गेले. चाल त्यांची, घड्याळ त्यांचं चालू, शिल्लक एक तास एकवीस मिनिटं.

मला वाटलं बाथरूमला गेले असतील.

वीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही. पोरगं बसलंय. आधी सरळ, मग हनुवटी टेबलावर, मग त्याने स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचा कागद, उलटी करून मागच्या बाजूला मांजर काढायला घेतलं. नियमाने स्कोअरशीटवर खेळाशी संबंध नसलेलं काही लिहायचं नसतं, पण मांजर मागच्या बाजूला होतं आणि चांगलं काढलेलं होतं, मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. दोरीच्या पलीकडे त्याचे बाबा. एकदा घड्याळाकडे बोट, एकदा माझ्याकडे बोट. मी बाहेर गेलो तर म्हणाले, "सर, सरळ सरळ हरलेत ते, सोडत का नाहीत? काही मॅनर्स आहेत की नाही? तुम्ही रिझाइन करायला लावा ना."

इथेच गोची आहे. डाव सोडायला आम्ही कुणालाच लावू शकत नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमात याबद्दल पाचव्या कलमात एक ओळ आहे, समोरच्याने हार मान्य केल्याचं जाहीर केलं की डाव तुम्ही जिंकलात. बस. कधी सोडायचा, वजीर गेल्यावर की हत्ती गेल्यावर, सोडलाच पाहिजे का, यावर अक्षर नाही. बाकी सगळं रीतीभाती. मोठे खेळाडू सोडतात कारण दोघांनाही पुढचं दिसत असतं, समोरच्याला मात करून दाखवायला लावणं म्हणजे तुला येतं का बघू असं म्हणण्यासारखं होतं. आणि लहान पोरांना सगळे कोच नेमकं उलटं शिकवतात, मात होईपर्यंत उठायचं नाही, कारण समोरच्याला पण हत्तीने मात करता येईलच असं नाही, तीन वजीर करून स्टेलमेट, म्हणजे समोरच्याला शह नाही आणि चालही उरली नाही म्हणून बरोबरी, केलेली पोरं मी याच डोळ्यांनी बघितलीत. दोन्ही बरोबर आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर हरलेला डाव खेळत राहण्यात काहीही उद्धटपणा नाही, तो तुमचा हक्क आहे, पण तिथे बसून खेळा. घड्याळ चालू ठेवून निघून जायचं आणि समोरच्याला रिकाम्या खुर्चीपुढे बसवायचं, ही वेगळी गोष्ट. आर्बिटर लोकांचं जे मॅन्युअल आहे त्यात पण डाव न सोडता, न सांगता निघून जाण्याला असभ्यपणाच म्हटलंय, आणि चीफ आर्बिटरला वाटलं तर शिक्षा करता येते.

चीफ आर्बिटर पेअरिंगच्या, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याच्या, लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले. म्हणाले, तू ओळखतोस ना, तूच जा. म्हणजे गेलो.

काका खाली, गेटच्या बाहेर टपरीवर. आजूबाजूला फेटे बांधलेले वऱ्हाडी आणि मधे काका, काखेत उशी, हातात कटिंग. फोन नव्हता हे नशीब, तो आमच्या टेबलावर जमा होता, नाहीतर प्रकरण वेगळ्याच वळणावर गेलं असतं. मी म्हटलं काका, चाल तुमची आहे. म्हणाले माहितीये. म्हटलं चाल आपली असताना आर्बिटरला न विचारता हॉल सोडता येत नाही, अकरावं कलम, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

"वेळ माझा आहे. मी कसाही वापरीन. आणि सोडायचा की नाही ते मी ठरवीन. स्टॅव्हँगरला गुकेश कार्लसनसमोर हरत होता की नाही? त्याने सोडला असता तर?"

ह्या २०२५ च्या नॉर्वे चेसने आमचं फार नुकसान केलंय खरं तर. हरत आलेला तो डाव गुकेशने जिंकला तेव्हापासून कुणालाही विचारा, सोडत का नाहीस, तर गुकेशचं नाव पुढे. कार्लसनने शेवटी टेबलावर मूठ आपटली तो व्हिडिओ तर ज्यांना घोडा कसा चालतो माहीत नाही त्यांनी पण बघितलाय.

मी म्हटलं, "काका, गुकेश बोर्डावर बसला होता. चहाला नव्हता गेला."

काका काही बोलले नाहीत. टपरीवाल्याने न विचारता माझ्याही हातात कटिंग दिला. मी खरं तर ड्युटीवर, घ्यायला नको होता, घेतला. मग काका म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता, "बी-५ रे. बी-५ ला उंट. ह्या हाताने शिकवलंय मी पोरांना." आणि थोड्या वेळाने, "त्याच्यापुढे हात करायचा म्हणजे... नातू आहे माझा तेवढा."

मला एकदम काय बोलावं सुचेना. नियम सांगायला आलो होतो. म्हटलं तो पोरगा मागे मांजर काढत बसलाय, पाऊण तास झाला. काकांनी ग्लास ठेवला, माझ्या चहाचे पण पैसे दिले, आणि जिना चढायला लागले.

वर आलो तेव्हा घड्याळात एकतीस मिनिटं होती. चीफ आर्बिटरनी जागेवर जाऊन काकांना वॉर्निंग दिली, रीतसर, हळू आवाजात. काकांनी मान डोलावली. उशी खाली ठेवलीच नाही. उभ्या उभ्याच पटावरून हात पुढे केला.

पोराने हाताकडे बघितलं. मग पटाकडे. मग परत हाताकडे.

"आजोबा, मला ड्रॉ नको."

आजूबाजूच्या दोन-तीन बोर्डांवरची डोकी वर झाली. काका म्हणाले, "ड्रॉ नाही रे." हात तसाच. पोरगं म्हणालं, "मग? मी जिंकतोय ना." काका म्हणाले, "हो. म्हणूनच." आणि पोरगं, अगदी प्रामाणिकपणे, "पण मात कुठे झालीय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ह्या पोराच्या आयुष्यात आजपर्यंत कुणी डाव सोडलाच नसणार. अंडर-नाईनमध्ये कोण सोडतं? तिथे सगळे मातेपर्यंत खेळतात नाहीतर रडतात. पुढे केलेला हात त्याने फक्त ड्रॉलाच बघितलेला. आणि चूक त्याचीही नाही, मॅन्युअल पण तेच सांगतं, घड्याळ थांबवणं, हात पुढे करणं, राजा आडवा पाडणं, यातल्या कशाचाही गैरसमज होऊ शकतो, म्हणून आर्बिटरने नक्की काय ते स्पष्ट करून घ्यावं. एका बोर्डावर दोघांनी हात मिळवून एकाने ड्रॉ आणि एकाने जिंकलो लिहिल्याची भांडणं मी स्वतः मिटवलीत. म्हणजे आता मला जाऊन काकांना विचारणं भाग होतं, आणि ते विचारायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

गेलो. म्हटलं, "काका, काय ते तोंडाने सांगा त्याला."

खालचा बँजो नेमका तेव्हाच थांबलेला. काका म्हणाले, "मी हरलो."

पोराने माझ्याकडे बघितलं. खरंच का, असं. त्याला बहुतेक वाटलं ही काहीतरी ट्रिक आहे. काकांनी परत सांगितलं, ह्या वेळी जरा मोठ्याने, वाकून, त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला येऊन, "मी हरलो बाळा. डाव सोडला. तू जिंकलास. सही कर." आणि मग पोराने हात दिला, तो पण डावा, कारण उजव्यात पेन होतं.

दोघांनी दोन्ही शीटवर सह्या केल्या. मांजर काकांनी बघितलं. काही बोलले नाहीत, पण हसले असं मला वाटलं, किंवा मिशी हलली. पोराच्या बाबांनी बाहेर मला विचारलं, पेनल्टी काय लावली? म्हटलं वॉर्निंग दिली, डाव तर संपलाच. त्यांचं काही समाधान झालं नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

दुपारची फेरी. तेच पोरगं, आता काळ्याने, समोर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी, चांगली खेळणारी. दीड-एक तासाने मी त्या रांगेतून जात होतो तेव्हा तिने नुकताच त्याचा हत्ती मारलेला, सरळ फुकट. पण मारताना तिने एक बघितलं नव्हतं. तिचा राजा जी-१ ला, वजीर डी-२ ला, जी चं प्यादं आधीच पुढे गेलेलं, आणि पोराचा घोडा ई-५ ला उभा. घोडा एफ-३, शह, आणि वजीर जातो. एक चाल. हे दिसायला ग्रँडमास्टर लागत नाही, मला दिसलं म्हणजे बघा. वजीर घेतल्यावर पोरगं जिंकलं असतं असं नाही म्हणत, घोडा त्याचा पुढे पडलाच असता, पण डाव जिवंत होता, चांगला जिवंत होता.

पोरगं गेलेल्या हत्तीच्या जागेकडे बघत बसलेलं. घड्याळात त्याची चाळीसेक मिनिटं. मी चालत राहायला पाहिजे होतं, आर्बिटर एका बोर्डापाशी रेंगाळला की खेळणाऱ्याला वाटतं इथे काहीतरी आहे, आणि तेही एक प्रकारे सांगणंच झालं. म्हणून पुढे सरकलो. दोन पावलं गेलो असेन तर मागून स्वच्छ, शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात,

"मी हरलो. डाव सोडला."

वळून बघितलं तर हा खुर्चीवर गुडघ्यांवर उभा, हात पुढे. ह्या वेळी उजवा. पेन आधीच खाली ठेवलेलं. ती मुलगी पण गोंधळली, तिला इतक्या लवकर अपेक्षा नव्हती, मग तिने पटकन हात दिला, कोण नाही देणार. मी काय करणार होतो? जाहीर केलं, कानांनी ऐकलं, गैरसमजाला जागाच नाही, सकाळी मीच तर तोंडाने सांगायला लावलं होतं. १९०२ साली मॉन्टे कार्लोला मार्कोने पॉपिएलसमोर डाव सोडला तेव्हा उंटाची एक चाल खेळला असता तर तोच जिंकत होता, हे आम्ही चहाच्या वेळी मजेत एकमेकांना सांगतो. समोर घडताना मजा नाही येत. घोडा ई-५ लाच उभा होता. पोराने स्वतःच सोंगट्या नीट लावताना तो उचलून बी-८ ला ठेवला.

सही करून ते माझ्याकडे आलं. "सर, मी नीट सोडला ना?"

म्हटलं, "हो. नीट सोडलास."

खूश झालं. मी वर बघितलं तर दोरीला टेकून काका उभे, त्यांचा डाव लवकर संपलेला. किती वेळ उभे होते माहीत नाही, पण घोडा त्यांना दिसला होता, ते तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खिशात पेन शोधायला लागलो, ते शर्टाला लावलेलंच होतं.

नंतर पेअरिंगचे कागद लावायला बाहेर आलो तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर काकांची उशी, उशीवर तेच पोरगं बसलेलं, मधे गुंडाळीचा पट पसरलेला. काका विचारत होते, "हत्ती गेला, ठीक. पण तुझा घोडा कुठे होता?" पोरगं विचार करत होतं. खाली बँजो परत सुरू झाला आणि चीफ आर्बिटरनी आतून हाक मारली, बोर्ड तीनवर कुणाचं तरी घड्याळ बंद पडलं होतं.