लोंढा पाण्याचा असतो हो

परवा पिंपरी कॅम्पात पडद्याचं कापड घ्यायला गेले होते. दुकानात टीव्ही चालू, खाली पट्टी फिरतेय, 'निर्वासितांचे लोंढे'. दुकानातले सिंधी काका, फाळणीत त्यांचे आईवडील कराचीहून आलेले, मीटर लावता लावता म्हणाले, "आमच्या घरच्यांनाही असंच म्हणायचे, बेटा. वडील तिकडे मास्तर होते, ते कुणी विचारलंच नाही."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. लोंढा म्हणजे काय ते पुण्यात कुणाला सांगायला नको, 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांनी तो बघितलाय. पण तेव्हा लोंढा पाण्याला म्हटलं आणि माणसांना पूरग्रस्त, आणि युद्धातून पळून आलेल्यांच्या बातमीत मात्र माणसंच पाणी होतात, मग पाणी म्हटलं की ते अडवायचं, बांध घालायचा हे आपोआप डोक्यात येतंच ना.

जून 2023 आठवतंय? टायटॅनिक बघायला गेलेली ती छोटी पाणबुडी, आत 5 जण, त्यांची नावं, वयं, कोण काय करतं, सगळं आपल्याला पाठ झालं होतं, ऑक्सिजन किती तास उरला तेही. त्याच्या काहीच दिवस आधी, 14 जूनला, ग्रीसजवळ एक मासेमारीची बोट बुडाली, अंदाजे 750 माणसं होती, पाकिस्तानी, सीरियन, इजिप्शियन, वाचली फक्त 104. त्यातल्या एकाचं तरी नाव मला सांगता येतं का? नाही. आणि मी रोज बातम्या बघणारी बाई आहे, म्हणून जास्त लागलं.

शब्दांचं तर काय सांगू, निर्वासित, स्थलांतरित, घुसखोर, एकाच बातमीत तिन्ही. आश्रयासाठी अर्ज केलाय आणि निकाल यायचाय अशा माणसाला घुसखोर म्हणणं म्हणजे केस चालू असतानाच गुन्हेगार ठरवणं झालं. आपल्याकडे तर हे अजूनच सोपं, कारण भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे कुणाला काय म्हणायचं हे बऱ्याचदा अँकरच ठरवतो.

काल कापड बदलून घ्यायला परत गेले तेव्हा मुद्दाम विचारलं, वडील काय शिकवायचे? काकांनी मीटर खाली ठेवला. गणित, म्हणाले, आणि मग अर्धा तास त्या शाळेबद्दलच बोलत होते.